घरचे कागद, दप्तरचे कागद : बाखची चरित्रे

योहान सेबास्टियन बाख (1685–1750) याच्या रचनांची जी सूची वोल्फगांग श्मीडरने 1950 साली छापली, तिच्यात हजारावर क्रमांक आहेत. त्या मानाने त्याच्या आयुष्याचे कागद फारच थोडे. रोजनिशी नाही, आत्मवृत्त नाही, बायकोला लिहिलेले एकही पत्र हाती लागलेले नाही. हॅम्बुर्गच्या योहान माटेसनने जर्मन संगीतकारांचा चरित्रकोश करायचे ठरवले, तेव्हा बाखकडेही जाहीरपणे माहिती मागितली होती. ती कधी गेली नाही आणि 1740 साली निघालेल्या त्या कोशात बाखची नोंदच नाही. वडिलांना कामाच्या व्यापात पत्रे लिहायला सवड नसे, असे त्याच्या मुलाने पुढे कळवले आहे.

जे कागद उरले त्यांचे ढोबळमानाने दोन गठ्ठे पडतात. एक सरकारी आणि चर्चच्या दप्तरातला : नेमणुका, पगार, तक्रारी, जबान्या, ताकिदी. दप्तराला माणसाची आठवण तंटा झाला की होते, त्यामुळे या गठ्ठ्यात बाख दिसतो तो हट्टी, तापट, वरिष्ठांना न जुमानणारा नोकर म्हणून. दुसरा गठ्ठा घरचा : वंशावळ, मृत्युलेख, मुलांची पत्रे. त्यात तो कष्टाळू, धर्मशील, स्वतःच्या बळावर शिकलेला महापुरुष आहे. गेल्या सव्वादोनशे वर्षांतल्या चरित्रांचा इतिहास म्हणजे बराचसा या दोन गठ्ठ्यांच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

घरच्या कागदांत सर्वांत जुना बाखने स्वतः केलेला. 1735 साली, पन्नाशीत असताना, त्याने आपल्या कुळातल्या संगीतकारांची यादी तयार केली. तिच्यात 53 नावे आहेत, सगळी पुरुषांची. बाखच्या हातची मूळ प्रत हरवली. आज आहे ती मुलाने टिपा घालून पुढे पाठवलेली नक्कल. यादीची सुरुवात फाइट बाख या पाववाल्यापासून होते. लूथरपंथी असल्यामुळे त्याला हंगेरी सोडावी लागली आणि तो जर्मनीतल्या थुरिंगिया भागात आला. दळणाला जाताना तो सिटर्न नावाचे तंतुवाद्य गिरणीत घेऊन जाई आणि जात्याच्या घरघरीत वाजवत बसे. आपल्या कुळातल्या संगीताचा आरंभ बाख या गिरणीत पाहतो. फाइटच्या पुढच्या पिढ्यांनी आइझेनाख, आर्नश्टाट, एरफुर्ट या गावांतल्या वादकांच्या आणि ऑर्गनवादकांच्या जागा भरून काढल्या. एरफुर्टमध्ये तर नगराच्या नोकरीतल्या वादकांना, त्यांच्यात बाख आडनावाचा कोणी उरला नाही तरी, लोक ‘बाख’च म्हणत. हिंदुस्थानी संगीतातले घराणे शिष्यांमधून वाढते. बाखांचे रक्ताच्या नात्यातून वाढले आणि धंदा म्हणून चालले. वर्षातून एकदा सगळे भाऊबंद एका गावी जमत, आधी स्तोत्र म्हणत आणि मग लोकगीते एकमेकांत मिसळून चावट विनोद करत गात, अशी आठवण फोर्केल या चरित्रकाराने पुढे नोंदवली आहे.

21 मार्च 1685 रोजी, जुन्या पंचांगाप्रमाणे, आइझेनाखला योहान सेबास्टियनचा जन्म झाला. वडील योहान आम्ब्रोजियुस नगराच्या नोकरीत वादक. आठ भावंडांत हा धाकटा. 1694 च्या मे महिन्यात आई गेली, पुढच्या फेब्रुवारीत वडील. दहाव्या वर्षी पोरका झालेला मुलगा ओरड्रुफला थोरल्या भावाकडे, योहान क्रिस्टोफकडे गेला. हा भाऊ संगीतकार पाखेलबेलचा शिष्य आणि तिथला ऑर्गनवादक. 1700 मध्ये सेबास्टियन उत्तरेकडे ल्यूनेबुर्गच्या शाळेत दाखल झाला आणि 1703 मध्ये, अठराव्या वर्षी, आर्नश्टाटच्या नव्या चर्चमध्ये ऑर्गनवादक झाला.

दप्तरातला बाख इथूनच सुरू होतो. 1705 साली गायेर्सबाख नावाच्या विद्यार्थ्याशी रस्त्यात मारामारी झाली. बाखने त्याच्या बासून वाजवण्याची टिंगल केली होती. त्याच वर्षी चार आठवड्यांची रजा काढून तो ऑर्गनवादक बुक्स्टेहुडेचे वादन ऐकायला लुबेकला गेला. अंतर सुमारे 400 किलोमीटर, आणि घरच्या सांगण्याप्रमाणे तो पायी गेला. परतला तो चार महिन्यांनी. फेब्रुवारी 1706 च्या जबानीत त्याला विचारले गेले, की इतके दिवस कुठे होता. आपल्या कलेतल्या काही गोष्टी समजून घ्यायला गेलो होतो, हे त्याचे उत्तर. त्याच बैठकीत, स्तोत्रांच्या साथीत तो भलतेच स्वर मिसळतो आणि म्हणणारे गोंधळतात, असाही ठपका आहे. संगीताच्या अभ्यासकाला ही तक्रार एखाद्या समीक्षेहून मोलाची वाटावी, कारण बाख विशीत काय वाजवत होता याचा कानांनी ऐकलेला पुरावा तिच्यात आहे.

1707 मध्ये म्यूलहाउझेन आणि वर्षभरात वायमारचा दरबार. 1717 साली क्योथेनच्या राजपुत्र लेओपोल्डने बोलावले तेव्हा वायमारच्या ड्यूकने सोडायला नकार दिला आणि बाखने हट्ट धरला म्हणून 6 नोव्हेंबरपासून 2 डिसेंबरपर्यंत त्याला अटकेत ठेवले. मुलाने आणि शिष्याने लिहिलेल्या मृत्युलेखात या अटकेचा उल्लेख नाही. क्योथेनची सुमारे साडेपाच वर्षे वाद्यसंगीताची आणि बऱ्याच समाधानाची गेली. 1723 मध्ये तो लाइपत्सिकच्या सेंट थॉमस शाळेचा कँटोर, म्हणजे संगीतशिक्षक आणि चर्चसंगीताचा प्रमुख, झाला. नगरपरिषदेला आधी टेलेमान हवा होता, मग ग्राउप्नर. दोघेही मिळाले नाहीत म्हणून बाख. तिथे तो मरेपर्यंत, सत्तावीस वर्षे राहिला. 28 ऑक्टोबर 1730 रोजी डान्त्सिकमधल्या शाळासोबती एर्डमानला लिहिलेल्या पत्रात तो दुसरी नोकरी पाहून देण्याची गळ घालतो. लाइपत्सिक महाग आहे, अधिकारी विक्षिप्त आहेत, मिळकत सुमारे 700 थालर. अंत्यविधी जास्त झाले की ती वाढते, पण गेल्या वर्षी हवा चांगली असल्यामुळे शंभरावर थालर बुडाले. हिशेबाच्या या कोरडेपणात विनोद होता की नाही, यावर चरित्रकारांचे आजही एकमत नाही. याच पत्रात तो अभिमानाने सांगतो, की घरच्या माणसांत गाण्याची आणि वाद्यांची मैफल उभी राहू शकते. बायकोचा आवाज स्वच्छ आहे आणि थोरली मुलगीही बरी साथ करते.

ही बायको दुसरी. पहिली, मारिया बार्बारा, त्याच्याच कुळातली लांबची चुलत बहीण. लग्न 1707 मध्ये आर्नश्टाटजवळच्या डोर्नहाइम गावी झाले. 1720 च्या उन्हाळ्यात बाख राजपुत्राबरोबर कार्ल्सबादला गेला असताना ती वारली. परत येऊन घरात पाऊल टाकल्यावर त्याला ते कळले. तोवर दफनही उरकले होते. पुढच्या वर्षी 3 डिसेंबरला त्याने आना माग्डालेना विल्के हिच्याशी लग्न केले. तुतारीवादकाची मुलगी, क्योथेन दरबारची पगारी गायिका, वय वीस. पहिल्या बायकोची सात आणि हिची तेरा अशी वीस मुले झाली. मोठी झाली ती दहा.

घराचा सर्वांत जिवंत तपशील पुतण्याच्या नात्यातल्या योहान एलियासकडून मिळतो. हा तरुण 1738 च्या सुमारास घरात राहून मुलांना शिकवी आणि चिठ्ठीचपाटीचे काम पाही. आना माग्डालेनासाठी पिवळ्या कार्नेशनची रोपे मागवणे, तिला हवा असलेला गाणारा पक्षी मिळवणे, असल्या खटपटी त्याच्या पत्रांत आहेत. पुढे श्वाइनफुर्टहून त्याने बाखला द्राक्षरसाचे पिंप भेट म्हणून पाठवले. 2 नोव्हेंबर 1748 च्या उत्तरात बाख आधी आभार मानतो, मग वाटेत बराचसा रस सांडून गेल्याची हळहळ करतो आणि शेवटी वाहतूक, जकात, तपासणी यांचा खर्च मांडून, माप जवळजवळ पाच ग्रोशेनला पडले, भेटीच्या मालाला हे फार झाले, तेव्हा पुन्हा पाठवू नकोस, असे कळवतो. ज्याच्या मनातले फारसे काही कागदावर उतरले नाही, त्याच्या हातचा हा कागद चरित्रकारांनी जपून वापरला आहे.

1750 मध्ये जॉन टेलर या फिरत्या इंग्रज नेत्रवैद्याने डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. पुढे हेंडेलच्या डोळ्यांवरही त्यानेच हात चालवला. दृष्टी गेली, प्रकृती ढासळली आणि 28 जुलैला बाख वारला. मृत्युपत्र नव्हते. मालमत्तेच्या यादीत खाणीतला एक हिस्सा, वाद्ये, भांडी, धर्मशास्त्राची पुस्तके आहेत. संगीताची हस्तलिखिते नाहीत, ती मुलांनी आपसांत आधीच वाटून घेतली होती. हयात नऊ मुले. धाकट्या योहान क्रिस्टियानने, वडिलांनी आपल्याला तीन वाद्ये जिवंतपणीच दिली असे सांगितले आणि सावत्र भावांनी त्यावर शंका घेतली. आना माग्डालेनाच्या वाट्याला आलेली कोराल कँटाटांची, म्हणजे स्तोत्रांवर बेतलेल्या चर्चगायनाच्या रचनांची, सुटी पाने तिने शाळेला दिली. 1760 साली ती नगराच्या मदतीवर जगणारी विधवा म्हणून वारली. नावाजलेले सावत्र मुलगे तेव्हा काय करत होते, हा प्रश्न चरित्रकारांनी फार उशिरा विचारला. सर्वांत धाकटी रेगिना सुसाना 1800 साली इतकी अडचणीत होती, की लाइपत्सिकच्या संगीत पत्रिकेत रॉख्लित्सने तिच्यासाठी जाहीर मदत मागितली. मदतीला सरसावलेल्यांत बेटहोफनही होता.

मुलांतला थोरला विल्हेल्म फ्रीडमान वडिलांचा लाडका. हाले शहरातली नोकरी 1764 मध्ये सोडल्यावर त्याला कायमची जागा मिळाली नाही. वाट्याची हस्तलिखिते विकत विकत तो 1784 साली बर्लिनमध्ये गरिबीत वारला. मृत्युलेखात कँटाटांचे पाच वार्षिक संच आणि पाच पॅशन मोजले आहेत. त्यांतल्या बऱ्याच भागाचा आज पत्ता नाही, आणि तो तोटा मुख्यतः फ्रीडमानच्या वाट्यातला मानला जातो. 1858 साली ब्राखफोगेलने त्याच्यावर कादंबरी लिहिली आणि दारुड्या, बिघडलेल्या प्रतिभावंताची त्याची प्रतिमा लोकांच्या डोक्यात पक्की बसवली. ती पुसायला संशोधकांना शंभर वर्षे पुरली नाहीत. दुसरा कार्ल फिलिप इमान्युएल प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या दरबारी होता, 1768 मध्ये टेलेमानच्या जागी हॅम्बुर्गला गेला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नुसते ‘बाख’ म्हटले तर बहुधा हाच. योहान गॉटफ्रीड बर्नहार्ड कर्ज करून पळाला आणि चोविसाव्या वर्षी येनाला तापाने गेला. त्याच्याबद्दल घरमालकाला लिहिलेले बाखचे व्याकूळ पत्र उपलब्ध आहे. योहान क्रिस्टोफ फ्रीड्रिख ब्यूकेबुर्गला आयुष्यभर टिकला. योहान क्रिस्टियान इटलीत जाऊन कॅथलिक झाला, 1762 मध्ये लंडनला पोचला आणि तिथे आठ वर्षांच्या मोत्सार्टशी त्याची गट्टी जमली.

पहिले चरित्र घरातूनच निघाले. कार्ल फिलिप आणि बाखचा शिष्य आग्रिकोला यांनी लिहिलेला मृत्युलेख 1754 साली मित्स्लरच्या संगीत पत्रिकेत छापला गेला. चांदण्यातली नक्कल इथलीच. भावाने जाळीच्या कपाटात ठेवलेली फ्रोबेर्गर, केर्ल, पाखेलबेल यांच्या रचनांची वही छोटा सेबास्टियन रात्री गुंडाळी करून जाळीतून काढी आणि सहा महिने चांदण्यात उतरवून घेई. भावाने पकडल्यावर नक्कल काढून घेतली. ड्रेस्डेनला फ्रेंच वादक मार्शां बाखशी ठरलेल्या स्पर्धेच्या सकाळीच पसार झाला, ती हकीकतही इथली. शेवटच्या अपुऱ्या फ्यूगच्या हस्तलिखितावर, बाख हे नाव स्वरांत गुंफत असताना रचनाकाराचा अंत झाला, अशी टीप कार्ल फिलिपने केली. अक्षराच्या अभ्यासावरून ते पान मृत्यूच्या बरेच आधीचे ठरले आहे. अंधत्व आलेल्या माणसाने ते लिहिणे शक्यही नव्हते.

ग्योटिंगेन विद्यापीठाचा संगीतसंचालक योहान निकोलाउस फोर्केल याने 1774 पासून कार्ल फिलिपला पत्रे घालून माहिती जमवली आणि 1802 मध्ये पुस्तक काढले. ते छोटेखानी आहे, सत्तरएक पानांचे. देशभक्त रसिकांसाठी असे मुखपृष्ठावरच म्हटले आहे आणि नेपोलियनच्या काळातल्या जर्मनांना राष्ट्रीय पुरुष हवा होता, हे पानोपानी जाणवते. फोर्केलला बाखचे वाद्यसंगीत उत्तम माहीत होते, चर्चसंगीत फारसे नाही. निद्रानाश जडलेल्या काउंट कायझरलिंकसाठी गोल्डबेर्ग व्हेरिएशन्स रचल्याची आणि सोन्याच्या पेल्यात शंभर मोहरा मिळाल्याची कथा त्याची. 1741 साली त्या व्हेरिएशन्स छापून निघाल्या तेव्हा काउंटला त्या वाजवून दाखवणारा गोल्डबेर्ग चौदा वर्षांचा होता आणि छापील प्रतीवर काउंटला अर्पण केल्याचा उल्लेख नाही. तरी कथा चालूच आहे.

11 मार्च 1829 रोजी मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये सेंट मॅथ्यू पॅशन सादर केल्यावर चरित्राची गरजच बदलली, कारण आता चर्चसंगीताचा बाख लोकांसमोर आला. 1850 मध्ये स्थापन झालेल्या बाख मंडळाने पुढच्या अर्धशतकात त्याच्या रचनांचे 46 खंड छापले. 1865 साली कार्ल हेरमान बिटर या प्रशियाच्या अधिकाऱ्याने, जो पुढे अर्थमंत्री झाला, दोन खंडी चरित्र लिहिले. ते आज कोणी वाचत नाही, याला कारण फिलिप श्पिट्टा. त्याचे खंड 1873 आणि 1880 मध्ये निघाले. श्पिट्टा धर्मशास्त्रज्ञाचा मुलगा. त्याने गावोगावची चर्च आणि नगरदप्तरे उपसली, कागदातले वॉटरमार्क तपासले आणि बाखचे पहिले शास्त्रशुद्ध चरित्र उभे केले. दप्तराचा गठ्ठा खऱ्या अर्थाने त्याने उघडला. पण निष्कर्ष मात्र घरच्या गठ्ठ्याला साजेसा काढला : बाख म्हणजे लूथरच्या धर्मसुधारणेचा संगीतातला कळस, आणि कँटोर म्हणून मरेपर्यंत आठवड्यामागून आठवडे कँटाटा रचत राहिलेला भक्त.

अल्बर्ट श्वाइट्झरचे पुस्तक 1905 मध्ये फ्रेंचमध्ये आणि तीन वर्षांनी कितीतरी वाढून जर्मनमध्ये आले. त्यात नवे संशोधन कमी, पण शब्दांतले चित्र बाख स्वरांत कसे उभे करतो, याचे त्याचे विवेचन गायक-वादकांनी मनावर घेतले. 1928 साली अ‍ॅबर्डीनच्या चार्ल्स सॅनफर्ड टेरी या इतिहासकाराने संगीताचे विश्लेषण बाजूला ठेवून निव्वळ आयुष्य लिहिले. त्याच दशकात, 1925 मध्ये, एस्तर मेनेलने आना माग्डालेनाच्या तोंडी घातलेली छोटी बखर लेखिकेच्या नावाशिवाय निघाली. ती कल्पित आहे हे न कळता कित्येकांनी पुरावा म्हणून वापरली.

श्पिट्टाचा डोलारा 1957–58 मध्ये कोसळला. आल्फ्रेड ड्युर आणि गेओर्ग फॉन डाडेल्झेन यांनी वॉटरमार्क पुन्हा तपासले आणि त्याबरोबर नकला उतरवणाऱ्यांची अक्षरे एकमेकांशी ताडून पाहिली. मुख्य नकलनवीस एक शाळकरी मुलगा निघाला, आणि त्याचे अक्षर वर्षागणिक कसे बदलत गेले यावरून पाने लावता आली. श्पिट्टाने 1735 नंतर ढकललेल्या कोराल कँटाटा 1724–25 च्या निघाल्या. लाइपत्सिकच्या कँटाटांचा मोठा भाग पहिल्या चार-पाच वर्षांतच रचून झाला होता. 1729 पासून बाख विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता आणि त्सिमरमानच्या कॉफीगृहात जलसे करत होता. आयुष्यभर वेदीपाशी झिजलेल्या कँटोरचे चित्र तारखांनीच मोडले. 1962 मध्ये फ्रीड्रिख ब्लूमेने माइन्त्सच्या व्याख्यानात पुढचे पाऊल टाकले : चर्चचे काम बाखच्या जिव्हाळ्याचे होते का, अशीच त्याने शंका काढली. गदारोळ झाला. पूर्व जर्मनीत त्याच सुमारास बाखला प्रबोधनयुगाचा नागरिक ठरवण्याकडे कल होता, आणि त्याआधी 1935 च्या जयंतीत नाझींनी त्याला आपल्या रांगेत उभे केले होते. ब्लूमेने ताणून धरले खरे. बाखने स्वतः विकत घेतलेले आणि समासात स्वतःच्या हाताने टिपा केलेले कालोफच्या बायबलचे तीन खंड 1934 सालीच अमेरिकेत मिशिगनमध्ये सापडले होते. टिपांचा नीट अभ्यास झाला तेव्हा धर्माबद्दलची शंका बरीच निवळली. नोकरीबद्दलची निवळली नाही.

कुटुंबाचा स्वतंत्र अभ्यासही वाढला. कार्ल गायरिंगरने 1954 मध्ये सगळ्या कुळावर एकत्र ग्रंथ लिहिला. बाखने जपलेल्या पूर्वजांच्या रचना बर्लिनच्या झिंगआकाडेमीच्या संग्रहात होत्या. तो संग्रह दुसऱ्या महायुद्धात नाहीसा झाला, 1999 साली कीव्हमध्ये सापडला आणि 2001 मध्ये बर्लिनला परतला. आना माग्डालेनाकडे लक्ष वळले तेही याच काळात. तिच्या 1725 च्या वहीतले, पियानो शिकणारे मूल जगभर हमखास वाजवते ते जी मेजरमधले मिन्युएट बाखचे नसून क्रिस्टियान पेत्सोल्डचे आहे, हे आता सर्वमान्य आहे. चेलोचे स्वीट तिनेच रचले, हा मार्टिन जार्विसचा दावा मात्र अभ्यासकांनी फेटाळला. तिच्या अक्षरात नक्कल आहे, एवढ्यावर रचनाकर्तृत्व ठरत नाही.

2000 साली क्रिस्टोफ वोल्फचे चरित्र आले. न्यूटनच्या युगातला विद्वान संगीतकार, ही त्याची मांडणी. पुरावा भक्कम, पण बाख जरा फारच सभ्य. जॉन एलियट गार्डिनरने 2013 मध्ये दप्तरातला रागीट माणूस मुद्दाम पुन्हा पुढे आणला. स्वतः कँटाटा बसवणारा संचालक असल्यामुळे तो संगीतातून स्वभाव वाचतो, आणि तिथेच कधी कधी पुराव्याच्या पुढे जातो.

दरम्यान लाइपत्सिकच्या बाख-आर्काइव्हने मध्य जर्मनीतली दप्तरे आणि ग्रंथालये पुन्हा धुंडाळायला घेतली. 2006 मध्ये मिखाएल माउल आणि पेटर वॉल्नी यांना वायमारच्या ग्रंथालयात बाखच्या हातची सर्वांत जुनी पाने सापडली : बुक्स्टेहुडे आणि राइनकेन यांच्या ऑर्गन रचनांच्या नकला. राइनकेनच्या नकलेखाली, ती 1700 साली ल्यूनेबुर्गला गेओर्ग ब्योमच्या घरी उतरवली, अशी नोंद आहे. याचा धागा थेट फोर्केलच्या पत्रव्यवहारात जातो. जानेवारी 1775 मध्ये त्याला उत्तर लिहिताना कार्ल फिलिपने आधी ‘त्यांचे शिक्षक ब्योम’ असे लिहिले होते, मग ते खोडून ‘ल्यूनेबुर्गचे ऑर्गनवादक ब्योम’ असे केले. मृत्युलेखातला बाख आपल्या मेहनतीने शिकलेला होता. त्याला एवढ्या थोर शिक्षकाची अडचणच झाली असती. बराच काळ चरित्रकार त्या खोडलेल्या शब्दावर तर्क करत होते. वायमारच्या पानावरून आता पंधरा वर्षांचा बाख ब्योमच्या घरात बसून, ब्योमच्या संग्रहातून नकला करत होता एवढे पक्के झाले आहे.